शाळेत रुजू होणाऱ्या माझ्या लेकीला

मरोळ गावठाण, मुंबई
३० मे

प्रिय बाय,

काल फोनवर तू नोकरीचं सांगितलंस आणि माझा गळाच दाटून आला. ममीने फोन घेतला म्हणून बरं. ज्या आवारात मी पाटी-दप्तर घेऊन गेलो, तिथेच जूनमध्ये तू पहिलीच्या मुलांपुढे उभी राहणार. त्या शाळेमागे काय काय आहे, ते डी.एड.च्या वर्गात कुणी शिकवलं नसेल. म्हणून लिहितोय.

तुला सीप्झमधली, त्या निर्यातीच्या कारखान्यांच्या वसाहतीतली मिस्सा, म्हणजे देवळातली प्रार्थना, आठवते ना? मे महिन्यात वर्षातून एकदा ते फाटक आपल्यासाठी उघडायचं. तू पाच वर्षांची असशील, माझ्या खांद्यावर बसलेली. वर बघून म्हणालीस, "पपा, या देवळाला छप्पर का नाही?" मी "पडलं" म्हणालो आणि विषय संपवला. खरं उत्तर तेव्हा द्यायला हवं होतं.

ते संत योहान बाप्तिस्ताचं देऊळ, म्हणजे चर्च, जेझुइट पाद्र्यांनी १५७९ साली बांधलं. महाकालीच्या लेण्यांजवळचं कोंदिवटे ते हेच, तेव्हा भातशेतीचं गाव. पाद्री पोरांना गोळा करत आणि प्रार्थना गाऊन गाऊन पाठ करून घेत. आपल्याकडच्या शाळेची सुरुवात मी तिथूनच धरतो. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, साष्टी, म्हणजे आपलं हे बेट, मराठ्यांच्या हाती आली, पोर्तुगीज निघून गेले. आपली माणसं कुठे जाणार? शेतं इथली, बोली मराठी, देव मात्र देवळातला. ती राहिली. पुढे १७७४ मध्ये इंग्रज आले, तेव्हाही राहिली.

१८४० साली साथ आली आणि गाव उठलं. लोक मरोळला आले. येताना त्यांनी जुन्या देवळातल्या वेद्या, खांब आणि बाप्तिस्म्याचं दगडी कुंड बरोबर आणलं, नव्या देवळासाठी. बाय, मी या गोष्टीपाशी दरवेळी अडखळतो. घरात माणसं दगावलेली, पुढे काय खायचं ठाऊक नाही, आणि हे लोक कुंडाचा दगड वाहून आणतायत. कारण पुढे जन्मणाऱ्या पोरांना त्याची गरज पडणार होती. आपण अजून जन्मलो नव्हतो, तेव्हाच आपला विचार कुणीतरी केला होता. नवं देऊळही योहानाच्याच नावाचं, फक्त हा योहान दुसरा, येशूचं शुभवर्तमान लिहिणारा.

देवळामागोमाग शाळा, हे साष्टीत गावोगाव दिसतं. आधी फादरांच्या ओट्यावर चार पोरं, मग एक मास्तर, मग कौलारू खोली. इंग्रजांच्या कचेऱ्यांत आणि रेल्वेत नोकऱ्या होत्या आणि त्यासाठी अक्षर लागत होतं. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली, तेव्हा आपल्या लोकांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं, तेसुद्धा त्या नोकऱ्यांवर नजर ठेवूनच. गोव्याहून आणि मंगळूरहून आलेल्या कॅथलिकांपासून आपली ओळख वेगळी राहावी, हा हेतू.

आता तुझ्या आजोबांच्या काळात ये. एमआयडीसी आली, जमिनी गेल्या. १९७३ मध्ये सीप्झ झालं आणि जुनं देऊळ कुंपणाच्या आत अडकलं. आजोबांचं भाताचं खाचर गेलं, तेव्हापासून ऑक्टोबरात आगेऱ्याला, म्हणजे नव्या पिकाच्या सणाला, वेदीवर ठेवायची कणसं दुसऱ्याच्या शेतातून आणावी लागली. ते एकदा म्हणाले होते, "शेत गेलं, आता पोरांना शाळा तरी राहू दे." ते स्वतः तिसरीपर्यंत शिकले होते.

आणि त्याच शाळेत कारखान्यांच्या मागोमाग आलेली मुलं येऊन बसली. कोकणातली, केरळातली, उत्तरेकडची. माझ्या बाकावर एक अब्दुल होता आणि एक सावंत. प्रार्थनेला तिघंही हात जोडून उभे राहायचो. घटनेच्या ३०व्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क दिला, तो मोलाचा आहे. पण शाळा देवळाची असली, तरी बाक सगळ्यांचे, हे मी तिथेच शिकलो आणि त्याचा मला अभिमान वाटतो.

एक दुखणं मात्र सांगतो. चौथीनंतर मला दुसऱ्या एका मोठ्या शाळेत घातलं. तिथे मराठीत बोललं की चार आणे दंड. तुझी आजी डब्याबरोबर चार आणेही द्यायची, मी बोलणारच हे तिला ठाऊक होतं. मी मात्र हळूहळू गप्प झालो. घरी तिच्याशी बोलतानाही शब्द अडायला लागले, आणि ती भरपाई मला पुढे कधी करता आली नाही. १९६५च्या सुमारास मिस्सा लॅटिनमधून मराठीत आली. पहिल्यांदा ऐकली तेव्हा आपण रडलो, असं आजी सांगायची. फादर काय म्हणतात, ते तिला इतक्या वर्षांनी कळलं होतं.

तेव्हा बाय, तुझ्या वर्गात इंग्रजीचा एक शब्दही न येणारं पोर आलं, तर त्याला त्याच्या बोलीत आधी पाणी विचार, मग अक्षरं शिकव. माझ्या पहिलीच्या बाईंनी मला तसंच विचारलं होतं. त्यांचा आवाज अजून कानात आहे.

वसईहून लोकलने अंधेरीला उतर, पुढे मेट्रोने मरोळ नाका. सकाळची गर्दी वाईट असते, पहिले काही दिवस आमच्याकडेच राहा. तुझी खोली मी रंगवून घेतोय. ममीने या वर्षीचा मसाला कुटून बाटल्यांत भरलाय, त्यातल्या दोन तुझ्या आहेत. रविवारी सकाळच्या मिस्सेला ये, मग दोघं मिळून शाळेच्या फाटकापर्यंत चालत जाऊ.

तुझा,
पपा