गर्भवतीची धास्ती आणि अर्धवट सल्ला

मा. संपादक, स.न.वि.वि.

आठव्या महिन्यात एका पहाटे माझ्या सुनेला जाग आली, तेव्हा ती उताणी झोपलेली होती. बाळाला इजा तर झाली नाही ना, या धास्तीने ती पोटावर हात ठेवून, बाळ हलेपर्यंत बसून राहिली. २८ आठवड्यांनंतर कुशीवर झोपावे हा सल्ला योग्यच आहे, कारण उताणे झोपल्यास गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिन्यांवर पडतो. परंतु झोपेत कूस बदलली गेल्यास पुन्हा कुशीवर वळणे पुरेसे असते, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. गर्भाशयाची स्नायूंची भिंत आणि गर्भजल यांमुळे टेबलाची कड पोटाला हलकेच लागली तरी बाळ सहसा सुरक्षित राहते. याउलट पडणे, पोटावर जोराचा मार बसणे, रक्तस्राव होणे, पाणी जाणे किंवा बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही घडल्यास, वरून काही लागलेले दिसत नसले तरी, ताबडतोब रुग्णालय गाठावे. जोराच्या धक्क्याने वार (बाळाला आईकडून पोषण पुरवणारा गर्भाशयातील अवयव) गर्भाशयापासून सुटू शकते. 'काही होत नाही गं' असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना (त्यांत मीही आले) हा फरक ठाऊक नसतो. तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी तो गर्भवतीसोबत आलेल्या नातेवाइकांनाही समजावून सांगावा, ही विनंती.

– एक वाचक