‘समजलं का?’ आणि ‘नीट लावलंय ना?’

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दहावी-बारावीच्या निकालानंतर करिअर मार्गदर्शनाच्या पुरवण्या निघतात. त्यांत शिक्षकाला ‘मुलांची आवड’ आणि ‘संयम’ हवा, टेक्निकल सपोर्टवाल्याला ‘संगणकाचे ज्ञान’ आणि ‘संभाषणकौशल्य’ हवे, असे ठरलेले शब्द असतात. ते चुकीचे नाहीत, पण त्यांवर भरवसा ठेवून या नोकऱ्यांत शिरलेली मुले वर्षभरात गोंधळतात. ही दोन्ही कामे करणाऱ्या आणि नव्यांना शिकवणाऱ्या आम्हा काही जणांचे म्हणणे असे की दोन्हीकडे मुख्य गुण एकच लागतो: समोरच्याचे नेमके कुठे अडले आहे ते शोधून काढण्याची चिकाटी. उत्तर माहीत असणे त्यानंतर कामाला येते.

वर्गात ‘समजलं का?’ म्हटले की चाळीस मुले एका सुरात ‘हो’ म्हणतात. फोनवर ‘केबल नीट लावलीय ना?’ विचारले की ग्राहकही ‘हो’च म्हणतो. खोटे कुणीच बोलत नसते. आपल्याला काय समजलेले नाही हेच मुलाला ठाऊक नसते, आणि ग्राहकाने केबल लावली त्या दिवशी ती नीटच बसलेली असते. म्हणून विचारण्याऐवजी करायला सांगावे. ‘केबल दोन्ही टोकांनी काढा, परत लावा आणि टक असा आवाज आला का ते सांगा.’ सैल झालेली लॅन केबल तिथेच सापडते, आणि चूक तुमची होती असे कुणाला ऐकवावे लागत नाही.

वर्गात हे काम नीट निवडलेली गणिते करतात. हातच्याची वजाबाकी घ्या. ५२ वजा २७ याचे उत्तर मुलाने ३५ लिहिले. लाल रेघ मारून ‘लक्ष दे’ असा शेरा देण्याआधी आणखी दोन गणिते घालावीत: ६० वजा २४ आणि ४०३ वजा १५७. उत्तरे ४४ आणि ३५४ आली, तर मूल मुळीच धांदरट नाही. ते काटेकोरपणे एक नियम पाळते आहे, फक्त नियम चुकीचा आहे: प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढायचा, मग मोठा वर असो की खाली. अशा मुलाला फळ्यावर तेच पुन्हा मोठ्याने सांगून काही होत नाही. काड्यांच्या पाच जुड्या आणि दोन सुट्या काड्या त्याच्या हातात द्याव्यात आणि म्हणावे, ‘यातल्या सात सुट्या काड्या मला दे.’ जुडी सोडल्याशिवाय देता येत नाही, हे हाताला कळते आणि मग दशक सुटा करण्याला अर्थ येतो.

आता दुसरे मूल. त्याची पहिली दोन उत्तरे बरोबर, २५ आणि ३६, पण तिसरे २५६. दशक सुटा करणे याला येते. मधल्या घरात शून्य दिसले की ते थेट शतकाकडून एककासाठी दहा आणते आणि शून्यातून पाच जात नाहीत म्हणून खाली पाचच लिहिते. याला जुड्या-काड्या पुरत नाहीत, शंभराची मोठी जुडी सोडून तिच्या दहा जुड्या करून दाखवाव्या लागतात. तपासताना दोन्ही वह्यांत तिसऱ्या गणितावर सारखीच फुली पडते, उपाय मात्र वेगवेगळे आहेत.

मराठी शाळांत आणखी एक गाठ असते, ती संख्यांच्या नावांची. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असे वाचन आले आणि मोठा वाद झाला. वादात कुणाची बाजू कोणतीही असो, ‘सत्तावन्न’ ऐकून ७५ लिहिणारे आणि ‘एकोणचाळीस’ ऐकून ४९ लिहिणारे मूल प्रत्येक वर्गात असते. पहिल्याच्या कानावर सात आधी पडतात, दुसऱ्याला चाळीसच ऐकू येतात. इथे एक साधी चाचणी पुरते: तीच संख्या जुड्या-काड्यांत मांडून लिहायला सांगा. मांडलेली बरोबर लिहिली आणि ऐकलेली चुकली, तर स्थानिक किंमत त्याला कळते, नाव अडते आहे. अशा मुलाला स्थानिक किमतीची आणखी वीस गणिते देणे ही निव्वळ शिक्षा आहे.

सपोर्टच्या कामात हीच रीत चालते. ‘नेट बंद आहे’ ही तक्रार नव्हे, ती तक्रारीची सुरुवात. फायबरच्या राउटरवर एलओएसचा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लुकलुकत असेल तर प्रकाशच पोहोचत नाही: तार तुटली, कपाटामागे काटकोनात दुमडली किंवा जोड निसटला. अशा वेळी ग्राहकाला पासवर्ड बदलायला लावणे म्हणजे त्याची वीस मिनिटे वाया घालवणे. पॉनचा (फायबर जोडणीचा) दिवा स्थिर हिरवा आणि इंटरनेटचा बंद असेल तर तार ठीक, लॉगिन अडले आहे. सगळे दिवे ठीक, मोबाइलवर चालते आणि फक्त लॅपटॉपवर चालत नाही, तर राउटरला हात लावायचाच नाही. लॅपटॉपचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्याला राउटरकडून पत्ता मिळालेला नाही. पत्ता ठीक, ८.८.८.८ या इंटरनेटवरच्या पत्त्याला पिंग (चाचणीचा संदेश) जाते आणि साइट उघडत नाहीत, तर डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी व्यवस्था, बघायचे. दरवेळी एका प्रश्नाने अर्धी शक्यता गळाली पाहिजे.

शाळेच्या संगणककक्षातला नेहमीचा प्रसंग: एकाच जुन्या संगणकावर ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ येते, शेजारच्या सगळ्यांवर तीच साइट उघडते. आधी खालच्या कोपऱ्यातली तारीख बघावी. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा तीन व्होल्टचा नाण्याएवढा सेल संपला, की वीज गेल्यावर घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते आणि साइटचे प्रमाणपत्र त्या तारखेला अवैध ठरते. किरकोळ किमतीचा सेल बदलायचा सोडून लोक विंडोज नव्याने टाकतात.

दुसरा प्रसंग कार्यालयांतला. ‘फाइल करप्ट झाली, इंग्रजी कचरा दिसतोय.’ फाइल धडधाकट असते. मजकूर कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो, म्हणजे आत रोमन अक्षरेच साठवलेली असतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचे रूप देतो. तो फॉन्ट टाकला की फाइल वाचता येते, पण तोच मजकूर पोर्टलच्या चौकटीत चिकटवला की परत कचरा. फॉन्ट टाकून फोन ठेवणाऱ्याला दुसऱ्या दिवशी तोच फोन येतो. मजकूर युनिकोडमध्ये (सगळीकडे सारख्या वाचल्या जाणाऱ्या अक्षरपद्धतीत) बदलून देणारा, जोडाक्षरे आणि रफार एकदा तपासून घ्या असे सांगणारा आणि पुढच्यासाठी युनिकोडमध्ये टाइप करणारा इनस्क्रिप्टचा कळफलक सुरू करून देणारा माणूस खरा कामाचा.

या शोधाला मारक अशा तीन सवयी आहेत. पहिली, घाई. अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांनी वर्गातल्या संवादांच्या ध्वनिफिती तपासल्या तेव्हा असे दिसले, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात. थांबणे तीन सेकंदांवर नेले तर मुलांची उत्तरे लांबतात आणि गप्प बसणारी मुलेही बोलू लागतात. मनात एक-दोन-तीन म्हणायचे, एवढेच करायचे असते, आणि ते फार जड जाते. फोनवरही तसेच. ‘स्क्रीनवर काय लिहिलेय ते जसेच्या तसे वाचा’ म्हटल्यावर शांत राहावे. ग्राहक ‘काहीतरी एरर’ म्हणून सुटू पाहतो, तेव्हा पुन्हा तेच मागावे.

दुसरी सवय म्हणजे हातातून काढून घेणे. मुलाची पेन्सिल घेऊन आपणच गणित सोडवणे आणि ग्राहकाच्या संगणकात दुरून शिरून झटपट बटणे दाबणे, दोन्ही सारखेच. दुरून शिरावे लागलेच तर आधी परवानगी घ्यावी, काय करतो ते बोलत करावे आणि पासवर्ड किंवा ओटीपी कधीही मागू नये. आज फसवणूक करणारे हेच मार्ग वापरतात, त्यामुळे प्रामाणिक माणसाने त्यांच्यासारखे वागून चालत नाही.

तिसरी, एका वेळी चार गोष्टी बदलणे. राउटर रिस्टार्ट केला, केबल बदलली, डीएनएस बदलले आणि नेट चालू झाले, तर कशाने चालले हे कुणालाच कळत नाही. रिस्टार्ट हा चांगला उपाय आहे, पण तो पुरावाही पुसतो. आधी एररचा क्रमांक टिपून घ्यावा.

माणसे अशी घडत नाहीत याला मोजमाप बरेचसे जबाबदार आहे. कॉल सेंटरमध्ये एका फोनला किती मिनिटे लागली हे मोजतात, शाळेत पोर्शन कुठवर आला हे विचारतात. मग फोन लवकर ठेवला जातो आणि धडा लवकर संपतो. तोच ग्राहक सात दिवसांत त्याच तक्रारीसाठी परत आला का, हे मोजले तर चित्र बदलेल.

निवडीचेही तेच. शिक्षक पात्रता परीक्षेत (टीईटी) १५० मिनिटांत १५० प्रश्न, शिक्षकभरतीच्या अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीत १२० मिनिटांत २००, म्हणजे प्रश्नाला ३६ सेकंद. दोन्ही बहुपर्यायी, कुणाला काही समजावून सांगायचे नाही. त्याऐवजी मुलाखतीचे गुण वाढवा, असे आम्ही अजिबात म्हणणार नाही. त्यातून वशिला परत येईल. हे काम डीएलएड आणि बीएडच्या वर्षांतच व्हायला हवे. तिथले सूक्ष्म अध्यापन (काही मिनिटांचा छोटा पाठ घेण्याचा सराव) बहुधा सहाध्यायांसमोर होते, आणि त्यांना उत्तर आधीच येत असते. त्यासोबत प्रत्येक छात्राध्यापकाला नाव झाकलेल्या दहा खऱ्या वह्या द्याव्यात आणि वीस मिनिटांत प्रत्येक मुलाचा चुकीचा नियम लिहायला लावावा.

सपोर्टच्या भरतीसाठी एक बिघडवलेला संगणक पुरे. उमेदवाराने त्याच्याकडे पाठ करून बसावे, समोर बसलेली व्यक्ती फक्त विचारलेले तेवढेच सांगेल, वेळ दहा मिनिटे. नंतर त्याने नोंद लिहावी: काय बिघडले, केव्हापासून, त्याआधी काय बदलले होते, एररचे शब्द, कोणता उपाय केला आणि त्याने काय झाले. ती नोंद हे संभाषण न ऐकलेल्या तिसऱ्या माणसाच्या हाती द्यावी. ग्राहकाला एकही प्रश्न परत न विचारता त्याला पुढची पायरी घेता आली, तर उमेदवाराला घ्यावे.

आपले,
अध्यापन व संगणक-साहाय्य क्षेत्रांतील काही वाचक, पुणे