शहापूरच्या गवंडीमामांना

गवंडीमामा, नमस्कार.

हे पत्र तुमची नात वाचून दाखवेल. चारचौघांसमोर लिहितेय ते मुद्दाम, कारण बेळगावात जुन्या घरात राहणाऱ्याला "पाडा आणि स्लॅब घाला" म्हणणारेच जास्त भेटतात.

आमचं घर शंभरीचं. १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा माडी चढत होती असं घरात सांगतात. बेळगावातलं आमचं शहापूर तेव्हा सांगली संस्थानात होतं. माडीखालच्या निजायच्या खोलीची मागची भिंत दर पावसाळ्यात कमरेपर्यंत ओली व्हायची. रंग फुगायचा, पोपडे पडायचे, पांढरा लोणा फुटायचा. तुमच्या आधी आलेल्या ठेकेदारानं वॉटरप्रूफ सिमेंटचा आणखी एक थर सुचवला होता. तुम्ही भिंतीवर टकटक केलीत आणि म्हणालात, "वैनी, आत माती, वर शिमिट. जमिनीतनं चढल्यालं पाणी जायाचं कुठनं?"

मग सगळं सिमेंट खरवडून काढलंत आणि भिंत तशीच उघडी ठेवायला लावलीत. पाहुणे आले की मला लाज वाटायची, घरचे रोज विचारायचे, गवंडी पळाला काय? तुमचं आपलं एकच, "वाळू दे की."

पुढचं काम मी खुर्ची टाकून बघितलं. भिजत घातलेला चुना, चाळलेली वाळू, खानापूरकडच्या फुटक्या विटा कुटून केलेली सुरखी, हिरड्याचं पाणी, गुळाचं पाणी. गुळामुळं परसात मुंगळ्यांची जत्रा भरली, ते सोडा. गिलावा झाल्यावर त्यावर रोज पाणी शिंपडायला लावलंत. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू घट्ट होतो आणि त्याला ओल लागते, हे आमच्या इंजिनीअर भाच्यानं नंतर समजावलं. तुम्ही नुसतं "घाई केली की तडकतंय" म्हणाला होता.

तुळईचं भिंतीतलं टोक कुजलेलं निघालं तेव्हा मी घाबरले. तुम्ही टेकू दिलात आणि सुतारअण्णांना आणलंत. ते कानडीत "स्वल्प तडीरी", म्हणजे जरा थांबा, म्हणत कुजका भाग तासत बसले आणि तेवढ्याच टोकाला सागवानाचा जोड दिला. अख्खी तुळई बदलायला लावली असती तरी आम्हाला काय कळणार होतं?

पण मामा, खरे आभार तुम्ही नाकारलेल्या कामांचे. मला गुळगुळीत टाइल्स हव्या होत्या. "खाली कोंडलं की भिंतीत चढतंय," म्हणून जुनी शहाबादीच उचलून, घासून परत बसवलीत. वायरिंगसाठी भिंतीला छिन्नी लावू दिली नाहीत, पट्टी वरूनच मारायला सांगितलीत. कोनाडा बुजवू दिला नाहीत. आता त्यात माझा चष्मा आणि मोबाईल असतो. स्वतःची मजुरी कमी करणारा सल्ला देणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

यंदा जुलैत पाऊस कसा कोसळला ते तुम्हाला माहीत आहेच. भिंत खालून थोडी दमट झाली, पण उघडीप मिळताच वाळली. पोपडा एकही नाही.

आता स्वयंपाकघराची भिंतही तशीच ओल धरतेय. दसरा झाला की सुतारअण्णांना घेऊन बघायला या. साखरेमुळं तुम्ही कुंदा खात नाही, तेव्हा जेवायलाच थांबा.

तुमची,
शहापूरची वैनी