नळ एकाचा, पाणी बंद सगळ्यांचे

महोदय,

घरातला गळका नळ बदलणे हे खरे तर अर्ध्या तासाचे काम आहे. आपल्या गृहनिर्माण संस्थांत मात्र त्यासाठी आदल्या दिवशी ‘उद्या ११ ते १ पाणी बंद राहील’ अशी सूचना फलकावर लावावी लागते. यात प्लंबरचा दोष नाही. इमारत बांधताना फ्लॅटपुरते पाणी बंद करणारा जो एक कॉक वाचवला गेला, त्याची ही किंमत आहे. गच्चीवरच्या टाकीतून उतरणारी एकच उभी लाइन सगळ्या मजल्यांवरच्या न्हाणीघरांना पाणी पुरवते आणि एका फ्लॅटपुरते ते बंद करण्याची सोय बऱ्याच जुन्या इमारतींत नसते. बेसिनखाली त्या नळापुरते पाणी बंद करणारा अँगल कॉक असतो हे खरे, परंतु तोच खराब झाला, किंवा भिंतीतून थेट निघालेली बादलीवरची तोटी बदलायची झाली, तर गच्ची गाठण्यावाचून गत्यंतर नसते.

गच्चीवरचा गेट व्हॉल्व, म्हणजे उभी लाइन बंद करायची झडप, वर्षानुवर्षे कोणी फिरवलेला नसतो. तो जाम होतो, जोर लावला की त्याचा दांडा (स्पिंडल) तुटतो, किंवा पुरता बंदच न झाल्याने खाली बारीक धार चालू राहते आणि प्लंबरला त्या धारेतच घाईघाईने फिटिंग बसवावे लागते. पाणी पुन्हा सोडल्यावर जुन्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपमधला गंज नि गाळ सुटतो आणि ज्यांचा या कामाशी काडीचा संबंध नाही अशांच्या वॉशिंग मशिनची जाळी त्याने तुंबते.

या घाईचा खरा फटका भिंतीच्या आत बसतो. गेल्या काही वर्षांत जीआयच्या जागी सीपीव्हीसी या प्लास्टिकचे पाइप आले. ते गंजत नाहीत, गरम पाणीही सोसतात, परंतु जुना, क्षारांनी घट्ट बसलेला नळ पान्याने हिसडून काढला तर टाइलमागच्या एल्बोवर (पाइपच्या वळणाच्या जोडावर) सगळा पीळ येतो आणि तिथला सांधा तडकतो. जीआयच्या सवयीने सुतळी-सफेदा लावून आवळण्याची पद्धतही प्लास्टिकच्या आट्यांना मानवत नाही. तिथे टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने गुंडाळून बेताने आवळणे एवढेच पुरते. नळ चकचकीत दिसतो, मालक समाधानाने पैसे देतो आणि काही महिन्यांनी खालच्या मजल्यावरच्या छताला ओल येते. मग गळती कुणाची, खर्च कुणाचा, यावर वार्षिक सभेत जे रामायण घडते त्याचा अनुभव आपल्या बहुतेक वाचकांना असेलच.

त्या वेळी पाइप भिंतीतून नेमका कुठून गेला आहे हे कुणालाच सांगता येत नाही. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ च्या कलम १७ नुसार विकासकाने आवश्यक कागदपत्रे व नकाशे रहिवाशांच्या संस्थेकडे सोपवायचे असतात. संस्थेच्या कपाटात मजल्यांचे नकाशे बहुधा सापडतातही. भिंतीत गाडलेल्या लाइनचा नकाशा मात्र क्वचितच दिसतो. याच अधिनियमाच्या कलम १४(३) नुसार ताब्यापासून पाच वर्षांच्या आत निदर्शनास आणलेला कारागिरीतील दोष विकासकाने विनामूल्य दुरुस्त करायचा असतो, परंतु पाइपची जागाच ठाऊक नसताना सदोष सांधा दाखवायचा कसा? म्हणूनच प्रत्येक न्हाणीघराला स्वतंत्र, हात पोहोचेल असा बॉल व्हॉल्व आणि भिंतीत गाडलेल्या लाइनचा मोजमापांसह नकाशा, या दोन गोष्टी भोगवटा प्रमाणपत्रापूर्वी महापालिकांनी तपासाव्यात, अशी माझी मागणी आहे. एका व्हॉल्वचा खर्च फ्लॅटच्या किमतीपुढे नगण्य आहे.

जुन्या इमारतींना यासाठी कोणत्याही आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. कुणी न्हाणीघराचे नूतनीकरण काढले की संस्था तसाही ना-हरकत दाखला देते. त्या दाखल्यातच अशी अट घालावी की, सभासदाने आपल्या लाइनवर बॉल व्हॉल्व बसवावा, प्लास्टर होण्यापूर्वी लाइनला पंपाने दाब देऊन गळती तपासून घ्यावी आणि उघड्या भिंतीवर टेप धरून काढलेली छायाचित्रे संस्थेच्या दप्तरी जमा करावीत.

– एक फ्लॅटधारक, पुणे