हेल्पर गेला तर मिस्त्री कुठून येणार?

संपादक साहेब, नमस्कार.

एआयमुळे नोकऱ्या जाणार हे रोज वाचतोय पण सगळी चर्चा ऑफिसात बसणाऱ्यांची, साईटवरच्या हेल्परचं नाव कोण काढतच नाही. मी स्वतः चार वर्षं बिगारी होतो, आता गवंडीकाम करतो, म्हणून लिहावंसं वाटलं.

२०१३ साली ऑक्सफर्डच्या फ्रे आणि ऑस्बोर्न या दोन संशोधकांनी ७०२ प्रकारची कामं तपासून अमेरिकेतल्या ४७ टक्के नोकऱ्या धोक्यात आहेत असं सांगितलं होतं, त्यात बांधकाम मजूर पण होता. तो अजून आहे, कारण साईट रोज बदलते, काल जिथून चालत गेलो तिथे आज खड्डा असतो, जिना अर्धाच असतो, आणि यंत्राला हेच अवघड जातं.

पण म्हणून निवांत राहता येत नाही. अमेरिकेत सॅम नावाचा वीट रचणारा रोबो आला, त्याला विटा आणि मसाला भरून द्यायला माणूस लागतोच. म्हणजे हेल्पर राहिला, पण मिस्त्रीच्या शेजारचा उठून मशीनच्या शेजारी गेला, आणि माझ्या मते खरं नुकसान इथेच आहे. माझ्या मिस्त्रीने मला तोंडाने काहीच शिकवलं नाही, मी मालाचं घमेलं नेलं की तो थापीने दाबून बघायचा, पाणी जास्त म्हणायचा आणि परत पाठवायचा. सहा महिन्यांनी मला फावड्याच्या आवाजावरून कळायला लागलं माल कसा झालाय ते. एकदा तो चहाला गेला तेव्हा मी हळूच विटांचे दोन थर लावले, आल्यावर त्याने ओळंबा सोडला, वरचा थर मोडला, खालचा ठेवला आणि कामाला लागला. त्या दिवशी मी हेल्परचा गवंडी व्हायला लागलो. मशीनच्या तोंडात दिवसभर विटा भरणाऱ्या पोराला हे कोण देणार?

यंत्राला माझा विरोध नाही हो. छताला भोकं पाडणारे रोबो निघालेत, पुलावरच्या सळया बांधणारे निघालेत, ती कामं जाऊ देत, मान वर करून ड्रिल धरलं की खांदे जातात आणि धूळ सगळी डोळ्यात. गोण्या वाहणं पण जाऊ दे. हेल्मेट घातलंय का बघणारा कॅमेरा चांगलाच, फक्त तोच कॅमेरा कोण किती मिनिटं टेकला हे मोजायला लावू नका.

मशीन आणणाऱ्यांनी एवढं करावं, ऑपरेटर बाहेरून न आणता तिथल्याच हेल्परला पगारी ट्रेनिंग देऊन तयार करावा, आणि जे वाहायचे कष्ट वाचले त्यातला तासभर तरी त्याला मिस्त्रीच्या हाताखाली शिकू द्यावं. मी माझ्या हेल्परला रोज सुट्टीच्या आधी दोन थर लावायला देतो. एक अजून मोडावा लागतो.

आपला,
एक गवंडी