प्लेटच लावली नाही, तर आकडा कुठून येणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अँटिबायोटिकला दाद न देणाऱ्या जंतूंवरच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालाची बातमी आपल्या अंकात वाचली. २०२३ साली जगात लॅबमध्ये सिद्ध झालेल्या जिवाणूंच्या संसर्गांपैकी सहातला एक अँटिबायोटिकला दाद न देणारा निघाला. भारत ज्या आग्नेय आशिया विभागात मोडतो, तिथे तिनातला एक.

मी सत्तावीस वर्षं इंदुरात एका खासगी लॅबच्या कल्चरच्या, म्हणजे रुग्णाच्या नमुन्यातला जंतू वाढवून तपासायच्या, टेबलावर काढली. असले आकडे तिथेच जन्माला येतात. नमुन्यातला जंतू वाढला की तो प्लेटवर सारखा पसरायचा, वर औषधांच्या इवल्याशा कागदी चकत्या ठेवायच्या आणि प्लेट रात्रभर इन्क्युबेटरमध्ये. सकाळी चकतीभोवती जंतू न वाढलेलं जे स्वच्छ वर्तुळ दिसतं, ते पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजायचं. वर्तुळ मोठं, तर औषध लागू. नोकरीला लागले तेव्हा सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकभोवती ऐसपैस वर्तुळ दिसायचं. निवृत्त होईपर्यंत कितीदा तरी जंतू थेट चकतीला येऊन भिडलेला!

गेल्या पावसाळ्यात आमच्या वहिनींना लघवीला जळजळ सुरू झाली. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने चिठ्ठीशिवाय सेफिक्झिम हे अँटिबायोटिक दिलं. चार दिवसांनी दुसरी गोळी, मग दवाखान्यात इंजेक्शनं. थंडी वाजून ताप भरला तेव्हा कुठे कल्चर झालं. जंतू निघाला ई. कोलाय. रिपोर्टभर 'आर'च 'आर' (औषध लागू नाही), 'एस' (लागू) फक्त चार ठिकाणी. आणि पहिल्या गोळीच्या वेळी "घेऊन बघा" म्हणणारी मीच होते, हेही कबूल करते.

सेफिक्झिम शेड्यूल एच-१ या सरकारी यादीतलं औषध. २०१४ पासून ते विकताना डॉक्टरांचं नाव, रुग्णाचं नाव आणि किती दिलं ते वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षं ठेवायची असते. वहिनींचं नाव त्या वहीत असेल असं मला वाटत नाही.

जागतिक संघटनेची 'ग्लास' ही नोंदव्यवस्था २०१५ मध्ये सुरू झाली. २०२३ ची माहिती १०४ देशांनी दिली. काम मोठंच आहे. पण आपल्याकडे कल्चरपर्यंत पोचतो तो बहुतेक तीन औषधं पचवून आलेला रुग्ण. त्यामुळे आमच्या रामबागेत पहिल्यांदाच जळजळ झालेल्या बाईला कोणती गोळी लागू पडेल, हे त्या गणतीतून कळत नाही. गल्लीतल्या डॉक्टरांना तर नेमकं तेच हवं असतं.

औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंसाठीची राज्य कृतियोजना मध्य प्रदेशाने २०१९ मध्येच केली, केरळच्या पाठोपाठ. तिचा आधार घेऊन इंदूरच्या सरकारी आणि खासगी लॅबचे रिपोर्ट नावं काढून एकत्र करावेत. पहिल्यांदा आलेले आणि बिघडून आलेले रुग्ण वेगळे मोजावेत, आणि कोणत्या जंतूवर इथे काय चालतं याचं एक पान दरवर्षी प्रत्येक दवाखान्यात पोचवावं. भिंतीवर लटकवण्याजोगं, जाडजूड अहवाल नको. ते वाचायला ओपीडीत वेळ कोणाला असतो?

सत्तावीस वर्षांत आमच्या लॅबमधून एकही रिपोर्ट अशा गणतीसाठी कुठे गेल्याचं मला आठवत नाही. वहिनींचा मी जपून ठेवलाय. तो कोणाकडे पाठवायचा, तेवढा पत्ता आपण छापलात तरी उपकार होतील.

आपली,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन
रामबाग, इंदूर