तळावरचा आचारीही आठवावा

मे १९०३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रुझवेल्ट आणि निसर्गप्रेमी जॉन म्यूर यांनी कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीच्या डोंगरात तीन रात्री मुक्काम केला. जंगलरक्षणाचा विषय निघाला की ही कथा हमखास सांगितली जाते. १९०६ मध्ये योसेमिटीची दरी कॅलिफोर्निया राज्याकडून केंद्र सरकारकडे आली, त्याचं श्रेयही या भेटीला दिलं जातं. ते योग्यच आहे.

पण त्या तळावर चार्ल्स लायडिग आणि आर्ची लिओनार्ड हे दोन वनरक्षक होते, सामानाची जनावरं सांभाळणारा एक माणूस होता, हे किती जणांना ठाऊक असतं? लायडिगने चूल पेटवली, चिकन तळलं, कडक कॉफी केली. दुसऱ्या रात्री उंचावर बर्फ पडलं आणि सकाळी राष्ट्राध्यक्ष पांघरुणावरचं बर्फ झटकत खूश होऊन उठले. शेकोटीपाशी रुझवेल्ट आणि म्यूर दोघांनाही स्वतःच बोलायची घाई होती, हा तपशील तर लायडिगच्याच आठवणींतून कळतो! मला तो फार मोलाचा वाटतो, कारण थोर माणसं त्यात हाडामांसाची दिसतात.

स्वागतासाठी आखलेला मेजवानी आणि आतषबाजीचा बेत बाजूला सारून रुझवेल्ट जंगलात राहू शकले, ते वाट आणि हवा ओळखणाऱ्या या माणसांच्या भरवशावर. शाळेत ही गोष्ट सांगताना शिक्षकांनी त्यांची नावंही आवर्जून सांगावीत.

– एक वाचक, नाशिक